खान, बाण आणि नळाचं पाणी

औरंगाबादच्या निवडणुकांचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास कुणी थोडक्यात विचारला, तर लोक एकच घोषणा सांगतात: 'खान हवा की बाण हवा?' खान म्हणजे मुसलमान उमेदवार, मग त्याचं आडनाव सय्यद असो, शेख असो की पठाण. बाण म्हणजे शिवसेनेचं निवडणूक चिन्ह. या घोषणेची खुबी अशी की तिला उत्तर देण्यासाठी मतदाराला उमेदवाराबद्दल काहीही ठाऊक असावं लागत नाही. त्याने वॉर्डात काय केलं, सभागृहात कधी तोंड उघडलं का, कुठल्या ठेक्यात त्याचा हात आहे, हे प्रश्नच गळून पडतात. खान म्हणणाऱ्यालाही ही घोषणा सोयीची आणि बाण म्हणणाऱ्यालाही.

पण या घोषणेच्या बाजूनेच आणखी एक इतिहास चालत आला आहे. तो व्यासपीठावर नव्हता. तो चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, गुरुवारच्या छावणी बाजारात होता. 'बोलतो तर छान, पण नळाला पाणी कधी येणार?' असं विचारणाऱ्यांचा हा इतिहास आहे. भडक भाषणाकडे संशयाने पाहणारा मतदार या शहरात प्रत्येक निवडणुकीत होता. त्याच्या संशयाने काही वेळा निकाल बदलले, बऱ्याचदा नाही बदलले. हा संशय आला कुठून, त्याने काय कमावलं आणि तो कुठे फसला, हे या लेखात पाहायचं आहे. (शहराचं नाव ज्या काळात जे होतं, ते त्या काळासाठी वापरलं आहे.)

नदीपलीकडून पाहताना

ही गोष्ट सांगायला छावणीइतकी चांगली जागा नाही. खाम नदी ओलांडली, लोखंडी पूल मागे टाकला की शहर तेच राहतं, पण कारभार बदलतो. अलीकडे महापालिका, पलीकडे छावणी परिषद, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड. महापालिकेच्या प्रचाराचे भोंगे छावणीत ऐकू येतात, पण तिथल्या माणसाला नगरसेवक निवडण्याचा अधिकार नाही. लोकसभा-विधानसभेला तो शहरासोबत मत देतो, शहराच्या निवडणुकीत मात्र तो प्रेक्षक असतो. प्रेक्षकाला नट जरा जास्त स्पष्ट दिसतो.

छावणी वसली ती निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेसाठी. हीच फौज पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. जून १८५७ मध्ये या फौजेच्या पहिल्या घोडदळातल्या स्वारांना संशय आला की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार आहेत. त्यांनी जायला नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंडाची किंमत वसूल झाली. कुणाला फासावर दिलं, कुणाला तोफेच्या तोंडी. कॅप्टन ॲबटवर गोळी झाडणाऱ्या दफेदार मीर फिदा अलींना फाशी झाली. काळा चबुतरा म्हणजे आजचा क्रांती चौक त्या शिक्षांची आठवण सांगतो.

हुकूम काय असतो हे छावणीला पहिल्यापासून माहीत होतं, मताचा हक्क तिला फार उशिरा मिळाला. आजही परिषदेचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो, मुख्य कार्यकारी अधिकारी केंद्र सरकारचा असतो आणि लोकांनी निवडलेल्या सदस्यांतून होतो तो उपाध्यक्ष. आपण निवडलेल्या माणसाच्या हातात किती असतं आणि किती नसतं, याचा अंदाज इथल्या लोकांना म्हणूनच लवकर येतो. शेवटी आपण पुन्हा छावणीकडे येणारच आहोत.

१९४८ चा धडा

मराठवाड्यातल्या मुसलमानांचा भाषणबाजीवरचा अविश्वास १९८८ नंतरचा आहे असं अनेकांना वाटतं. माझ्या मते तो चाळीस वर्षं जुना आहे. तो कासिम रझवीपासून सुरू होतो.

रझवी लातूरचा वकील. बहादूर यार जंग यांचं १९४४ मध्ये निधन झालं आणि त्यानंतर काही वर्षांत मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं रझवीकडे आली. रझाकार संघटना त्याच्या हाताखाली वाढली. तो बोलायचा तेव्हा सभा पेटायची. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या गोष्टी तो करत होता. ऐकणाऱ्यांमध्ये किती जणांचा त्यावर खरंच विश्वास होता? सगळ्यांचा नव्हता, याचा पुरावा आहे. हैदराबादमध्ये 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक होतं. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या विरोधात आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. लोकांना भुलवणाऱ्या पुढाऱ्यावर जाहीर शंका घेणारा हा मुसलमान पत्रकार होता आणि त्याने शंकेची किंमत जिवाने चुकवली. मुक्तिसंग्रामाच्या सोहळ्यांत त्यांचं नाव जेवढं यायला हवं तेवढं येत नाही, आपल्या जलशांमध्ये तर जवळजवळ येतच नाही.

सप्टेंबरमध्ये भारतीय सैन्य आलं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर मराठवाड्याच्या आणि कर्नाटकाच्या भागात जे घडलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं तिने नोंदवलं. मृतांचा तिचा अंदाज किमान २७ हजार ते ४० हजार इतका होता. यातले बहुसंख्य रझाकार नव्हते. शेतमजूर, विणकर, गावचे कारकून, दुकानदार अशी ती माणसं होती. रझाकारांच्या अत्याचारांनी हिंदू गावं पोळली होती, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की त्याचा हिशोब ज्यांच्याकडून वसूल झाला त्यांनी ते अत्याचार केलेले नव्हते.

आणि रझवी? तो तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानला निघून गेला.

मराठवाड्याच्या घराघरांतून हा हिशोब पुढच्या पिढीला सांगितला गेला. भाषण करणारा निघून जातो, मोहल्ला तिथेच राहतो. त्यानंतरची तीन-साडेतीन दशकं इथला मुसलमान मतदार मुख्यतः काँग्रेससोबत राहिला. तो काँग्रेसवर खूश होता म्हणून राहिला, असं समजायचं कारण नाही. गरम डोक्याच्या पुढाऱ्याची त्याला धास्ती होती. रफिक झकेरिया यांच्यासारखा माणूस औरंगाबादेतून निवडून आला आणि सिडकोच्या नव्या शहराशी, शिक्षणसंस्थांशी त्यांचं नाव जोडलं गेलं, तो याच काळात. तेव्हा कामाची भाषा बोलणाऱ्याला मत मिळत होतं.

आज कुणी उठून एमआयएमच्या प्रत्येक मतदाराला 'रझाकार' म्हणतो. तो या इतिहासाचा उपयोग करत नाही, गैरवापर करतो. १९५८ मध्ये अब्दुल वाहिद ओवैसींनी नव्या घटनेसह पुन्हा उभी केलेली संघटना आणि रझवीची फौज एकच आहेत असं म्हणणं हीसुद्धा एक प्रकारची लोकांना भुलवणारी भाषणबाजीच आहे. १९४८ चा धडा वेगळा आहे आणि तो कोणत्याही एका पक्षापुरता नाही.

पीठ आणि विद्यापीठ

८ जून १९८५ रोजी औरंगाबादेत शिवसेनेची शाखा उघडली. नगरपालिकेची महापालिका डिसेंबर १९८२ मध्येच झाली होती, पण निवडणूक व्हायला १९८८ उजाडलं. म्हणजे पहिल्या महापालिका निवडणुकीच्या आधी शहराने पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार पाहिला होता. वाढत्या शहराचे पाण्याचे, गटारांचे, रस्त्यांचे प्रश्न साचले होते. त्यावर राग होता आणि त्या रागाला शिवसेनेने दिशा दिली.

निकालात साठ जागांपैकी २७ शिवसेनेला मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण सेनेची लाट म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या निवडणुकीतही निम्म्याहून अधिक जागा इतरांकडे गेल्या आणि शहराचे पहिले महापौर काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे झाले. संशय घेणारा मतदार तिथे होताच. ८ मे १९८८ रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरेंची विजयाची सभा झाली आणि तिथे त्यांनी शहराचं नाव संभाजीनगर करण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात शहरात दंगल पेटली.

या घोषणेकडे सगळ्यांत चिकित्सक नजरेने पाहिलं ते छावणीला लागून असलेल्या नागसेनवनाने. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातल्या बौद्ध तरुणांना नावाचं राजकारण कशाशी खातात ते ठाऊक होतं. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्याच्या गावोगावी दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या सबंध काळात शिवसेनेचं म्हणणं काय होतं? घरात पीठ नाही तिथे विद्यापीठाच्या नावाचं काय घेऊन बसलात, असा टोमणा तिच्या व्यासपीठावरून मारला जात होता. म्हणजे विद्यापीठाचं नाव बदलायचं तर आधी पोटाचं बघा. शहराचं नाव बदलायचं तर पोटाचं नंतर बघू. ही विसंगती ज्याने एकदा पाहिली त्याला पुन्हा भाषणाने जिंकणं अवघड असतं.

छत्रपती संभाजी महाराजांबद्दलचा आदर हा वेगळा विषय आहे आणि तो या शहरातल्या कुणालाही सिद्ध करून दाखवायची गरज नाही. इथे प्रश्न नाव वापरणाऱ्यांचा आहे. जून १९९५ मध्ये महापालिकेत नामांतराचा ठराव मंजूर झाला, युती सरकारने अधिसूचना काढली, नगरसेवक मुश्ताक अहमद न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. मधल्या काळात दरेक निवडणुकीत एका बाजूने नाव बदलून दाखवतो असं सांगितलं आणि दुसऱ्या बाजूने नाव वाचवून दाखवतो असं सांगितलं. नाव दोन्हीकडच्यांना पुरलं.

मलिक अंबरचं शहर तहानलेलं

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या काळात तिचं फतेहनगर झालं, १६५३ नंतर औरंगाबाद. नावं बदलत गेली, पण हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या त्या वजिराची खरी करामत नावात नव्हती. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून कुठल्याही यंत्राशिवाय त्याने शहरापर्यंत आणलं. पाणचक्की बघायला येणारा प्रत्येक पर्यटक त्याच परंपरेचं पाणी बघून जातो.

चारशे वर्षांनंतरचं शहर पैठणच्या जायकवाडीवर अवलंबून आहे. धरण ५० किलोमीटरच्या आत आहे आणि तरी २०२२ च्या उन्हाळ्यात अनेक वस्त्यांना आठ-आठ दिवसांनी पाणी येत होतं. हे का झालं याचं उत्तर कागदावर आहे. समांतर जलवाहिनीची ७९२ कोटींची योजना खासगी भागीदारीत द्यायचं ठरलं, सप्टेंबर २०१४ मध्ये पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करारच रद्द केला. मग १,६८० कोटींची नवी योजना आली. १२ डिसेंबर २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते तिचं भूमिपूजन झालं. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. पाण्यापेक्षा आकडा आधी वाढला.

आता २०२२ च्या तारखा एका ओळीत ठेवून पाहा. २३ मे रोजी देवेंद्र फडणवीस यांनी शहरात जलआक्रोश मोर्चा काढला. सोळा दिवसांनी, ८ जूनला, पहिल्या शाखेच्या वर्धापनदिनी, त्याच सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर उद्धव ठाकरेंची सभा झाली. पाण्याचा विषय दोघांनीही घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २९ जूनला, सरकार पडत असताना मंत्रिमंडळाच्या शेवटच्या बैठकीत शहराचं नाव बदलण्याचा निर्णय झाला. पुढच्या सरकारने जुलैमध्ये त्यात 'छत्रपती' जोडून निर्णय पुन्हा घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली. तहानेचा मोर्चा ज्यांनी काढला ते आणि ज्यांच्याविरुद्ध काढला ते, हे दोघेही पंचवीस वर्षं महापालिकेत एकत्र सत्तेत होते, ही गोष्ट रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला सांगावी लागत नव्हती.

आपला माणूस

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी अनेकांच्या माना हलल्या असतील. समोरच्याच्या पुढाऱ्यावर शंका घेणं सोपं असतं. अवघड भाग इथून पुढे आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये पत्रकार इम्तियाज जलील औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले. एप्रिल २०१५ च्या महापालिका निवडणुकीत एमआयएमने ११३ पैकी २५ जागा जिंकल्या. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीसोबतच्या युतीत जलील ४,४९२ मतांनी खासदार झाले. चार वेळा खासदार राहिलेले चंद्रकांत खैरे पडले, त्याला अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी घेतलेली २ लाख ८३ हजारांवर मतं हेही मोठं कारण होतं. म्हणजे वीस वर्षं बाणाला मत देणाऱ्यांपैकी मोठ्या संख्येने लोकांनी त्या वर्षी 'खान की बाण' या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच नकार दिला.

एमआयएमला मिळालेली मतं नुसती भावनेची नव्हती. काँग्रेसने वर्षानुवर्षं गृहीत धरलं, मोहल्ल्यात रस्ता नाही, शाळा नाही, दंगल झाली की पोलीस आधी आपल्या दारात येतात, हा अनुभव त्यामागे होता. सभागृहात आपला आवाज असावा ही मागणी पूर्ण रास्त आहे. प्रश्न असा की आवाज मिळाल्यावर तो कशासाठी वापरला गेला?

२०१८ हे वर्ष घ्या. फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात महिनोन्महिने कचरा साठून राहिला. मार्चमध्ये मिटमिट्यात कचरा टाकण्यावरून लाठीमार झाला. मे महिन्यात जुन्या शहरात दंगल झाली, दोन जीव गेले. त्या तणावाच्या कारणांमध्ये अनधिकृत नळजोडण्या तोडण्याचा वादही होता. पाण्यावरून सुरू झालेलं भांडण धर्माचं कसं होतं, हे त्या रात्री दिसलं. ऑगस्टमध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या श्रद्धांजलीच्या ठरावाला एमआयएमच्या एका नगरसेवकाने सभागृहात विरोध केला आणि भाजपच्या नगरसेवकांनी त्याला तिथेच मारहाण केली. चित्रफीत देशभर फिरली. मारणारे एका बाजूचे हिरो झाले, मार खाणारा दुसऱ्या बाजूचा. मारहाण निंद्यच होती. पण त्या आठवड्यात शहर कचऱ्याबद्दल बोलत नव्हतं आणि हे दोन्ही बाजूंना चालण्यासारखं होतं.

मोहल्ल्यात त्या वेळीही प्रश्न विचारणारे होते. 'शेर आहे, पण आपल्या गल्लीतलं ड्रेनेज कोण काढणार?' त्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं असायचं. कौमच्या एकजुटीत फूट पाडू नका. 'वोट बटने न पाए' या एका वाक्याने किती हिशोब बुडाले, याची मोजदाद कुणी केलेली नाही. उलट बाजूला नेमकं हेच वाक्य हिंदूंना ऐकवलं जातं, फक्त भाषा बदलून.

आपल्या माणसाचा हिशोब विचारल्याने कौम फुटते का? नांदेडचं उदाहरण याला उत्तर आहे. २०१२ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेत एमआयएमने अकरा जागा जिंकून महाराष्ट्रात पहिलं मोठं यश मिळवलं. पाच वर्षं लोकांनी काम पाहिलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच मतदारांनी पक्षाला एकही जागा दिली नाही. काँग्रेस ८१ पैकी ७३ जागा घेऊन गेली. नांदेडच्या मुसलमानांवर त्यामुळे कुठलं आकाश कोसळलं नाही. २०२६ मध्ये तिथल्या मतदारांनी एमआयएमला पुन्हा जागा दिल्या. द्यायचं, पाहायचं, काढून घ्यायचं आणि पटलं तर पुन्हा द्यायचं: मतदाराचा व्यवहार असाच असायला हवा. १९४८ चा धडा घेतलेल्या समाजाला तो शोभतोही.

संशय कुठे फसतो

आता संशयाची दुसरी बाजू. सगळे सारखेच चोर, मग मत देऊन उपयोग काय, इथपर्यंत आला की संशय आळशी होतो. त्याचा फायदा कुणाला होतो हे गेल्या काही वर्षांत या शहराने पाहिलं.

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद, असं करत निवडणूक लांबत गेली. जवळपास सहा वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता. सुरुवातीला अनेकांना बरंच वाटलं. नगरसेवक नाहीत तर टक्केवारी नाही, अधिकारी काम तरी करतील, असं बोललं गेलं. काही कामं झालीही. पण रात्री बारा वाजता गटार तुंबलं तर ज्याच्या दारावर जाऊन थाप मारावी असा माणूस उरला नाही. आठवड्याच्या पाण्याची वेळ बदलली तर सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. कोट्यवधींच्या योजनेचा खर्च वाढला तेव्हा त्यावर लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाने मत दिलं नाही. वाईट नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी पाडता येतं. प्रशासकाला पाडायची मतपेटीच नसते.

छावणीची गत यापेक्षा वाईट. देशभरातल्या छावण्यांच्या निवडणुका २०१५ मध्ये झाल्या. मुदतवाढ मिळत मिळत फेब्रुवारी २०२१ मध्ये परिषदांची मुदत संपली. तेव्हापासून कारभार बदली मंडळाकडे आहे. त्यात लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरिक सदस्य, एवढेच. २०२३ मध्ये देशातल्या ५७ छावण्यांसाठी ३० एप्रिलला मतदान जाहीर झालं आणि मार्चमध्ये ते रद्दही झालं. छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचा केंद्राचा विचार आहे, त्यामुळे निवडणूक नाही, आणि जोडणी होईपर्यंत पालिकेतही जागा नाही. नदीच्या अलीकडच्या प्रचाराला हसणारा छावणीचा माणूस आज अशा ठिकाणी उभा आहे, जिथे त्याच्याकडे खोटं आश्वासन द्यायलाही कुणी येत नाही.

म्हणून जानेवारी २०२६ मधल्या महापालिका निवडणुकीकडे मी कितीही तक्रारी असल्या तरी चांगली घटना म्हणून पाहतो. १५ तारखेला मतदान झालं. २९ प्रभाग, ११५ जागा. भाजप सर्वांत मोठा पक्ष झाला, एमआयएम दुसऱ्या क्रमांकावर आली. प्रचाराची भाषा जुनीच होती. पण त्यातही काही नवं दिसलं. तिकीटवाटपावरून भाजपच्या आणि एमआयएमच्या, दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांचा राग उघड रस्त्यावर आला. ज्यांनी वर्षानुवर्षं घोषणा दिल्या, तेच 'आमच्या घामाचं काय' असं विचारत होते. त्यात स्वार्थ होताच. तरी पुढाऱ्याला त्याच्याच दारात जाब विचारला जातोय, हे दृश्य या शहराला सवयीचं नव्हतं.

नव्या रचनेची एक अडचण मात्र लक्षात ठेवली पाहिजे. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत. पूर्वी एका वॉर्डाचा एक माणूस होता, त्याला धरता येत होतं. आता चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. पक्षाच्या लाटेवर निवडून येणं सोपं आणि हिशोब देणं टाळणंही सोपं. अशा रचनेत मतदानाच्या दिवशीचा संशय पुरत नाही. तो पाच वर्षं टिकवावा लागतो.

तो टिकवायचा कसा, याला मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. सर्वसाधारण सभेला आपले चौघे किती वेळा हजर होते? पाणीयोजनेवर त्यांनी काय विचारलं? प्रभागाचा निधी कुठल्या गल्लीत गेला, कुठल्या ठेकेदाराला गेला? हे माहितीच्या अधिकारात मागता येतं आणि दहा रुपयांत मागता येतं. मोहल्ल्यात शिकलेली मुलं-मुली आहेत, मशिदींच्या कमिट्या आहेत, महिला बचत गट आहेत. त्यांनी दर सहा महिन्यांनी एका कागदावर एवढं लिहून लावलं, तरी पुढच्या निवडणुकीत 'खान की बाण' विचारणाऱ्याला आधी त्या कागदासमोर उभं राहावं लागेल. आणि हा कागद आधी आपल्याच माणसाचा लिहायचा. दुसऱ्याच्या पुढाऱ्याचा हिशोब मागण्याचा हक्क त्यानेच मिळतो.

छावणीतल्या वाचकांसाठी वेगळी गोष्ट. तुमच्या हातात आज मतपत्रिका नाही, पण ती मागण्याचा अधिकार आहे. छावणी पालिकेत जावी की स्वतंत्र राहावी, यावर दोन मतं असू शकतात आणि दोन्हींना कारणं आहेत. कारभार कुणाच्या मताने चालावा, यावर मात्र दोन मतं असण्याचं कारण नाही. या प्रश्नावर हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती असे छावणीतले सगळे एकाच रांगेत उभे आहेत. खासदार आणि आमदार दर पाच वर्षांनी पूल ओलांडून तुमच्याकडे येतातच. पुढच्या वेळी ते आले की भाषण सुरू होण्याआधी एवढंच विचारा: आमची निवडणूक कधी?